रंग जातो, रेणू उरतो

सुती कापड रंगवण्याच्या कारखान्यात जिगर मशीनवर काय घडते ते आधी नीट पाहू. दोन रुळांमध्ये कापडाचा ताका इकडून तिकडे गुंडाळला जातो आणि प्रत्येक फेरीत खालच्या टाकीतल्या रंगीत पाण्यातून जातो. त्या पाण्यात रंगाबरोबर भरपूर मीठ असते, कारण मिठामुळे रंग पाणी सोडून धाग्याकडे सरकतो. मग सोडा टाकतात, पाणी साठ अंशांच्या आसपास तापवतात आणि रंगाचा रेणू कापसातल्या सेल्युलोजशी पक्क्या बंधाने जोडला जातो. हे 'रिॲक्टिव्ह' रंग १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले, आणि धुतल्याने न जाणारा रंग म्हणून त्यांनी सुती कापडाचा बाजार जिंकला. पण त्याच टाकीत, त्याच सोड्यामुळे, रंगाचे काही रेणू धाग्याऐवजी पाण्याशीच जोडले जातात. असा रेणू पुन्हा कापडाला कधीच चिकटत नाही. रंगाची जात आणि छटा यांप्रमाणे टाकलेल्या रंगापैकी दहा ते चाळीस टक्के भाग या वाटेने वाया जातो. छटा गडद असेल तर अधिक. पुढे गरम पाण्यात आणि साबणाच्या पाण्यात कापड पुन्हा पुन्हा खळबळले जाते, तेव्हा तो रंग, ते मीठ आणि तो सोडा एकत्रच गटारात उतरतात. इचलकरंजीत, सोलापुरात, सुरतेत, तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये हे रोज घडते.

या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा डोळ्यांनी सोडवतो. पाणी लाल दिसले की ओरड होते, फिके झाले की समाधान होते. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईतल्या तळोजा परिसरात भटकी कुत्री निळी झालेली दिसली आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. चौकशी झाली, रंगद्रव्य सोडणारा कारखाना बंद करण्याचा आदेश निघाला. तो निळा रंग दिसला म्हणून हे झाले. तेवढ्याच वजनाचे रंगहीन सेंद्रिय रसायन त्या पाण्यात असते, तर कुत्री नेहमीसारखीच दिसली असती आणि कोणी कॅमेरा काढला नसता. या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते इथेच सुरू होते. पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषकाचे शुद्धीकरण म्हणून आपण जे काही करतो, त्यातले बरेचसे स्थलांतर असते. घाण पाण्यातून गाळात जाते, गाळातून खड्ड्यात जाते, किंवा दिसणाऱ्या रूपातून न दिसणाऱ्या रूपात जाते. रेणू मोडून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि जिथे जिवाणूंचे चालत नाही तिथे ते काम उत्प्रेरकाच्या मदतीने करता येते. मात्र उत्प्रेरक योग्य जागी आणि योग्य वेळी वापरला, तरच.

जिवाणू हे काम फुकट करत असताना उत्प्रेरक हवा कशाला, हा पहिला आक्षेप, आणि तो हलका नाही. आपल्या नद्यांमध्ये जाणाऱ्या सेंद्रिय घाणीत शहरांच्या मैलापाण्याचा वाटा फार मोठा आहे, इचलकरंजीजवळची पंचगंगाही त्याला अपवाद नाही. मैलापाण्यासाठी जिवाणूंच्या टाक्या हाच उत्तम, स्वस्त आणि सिद्ध मार्ग आहे. तिथे कोणी उत्प्रेरकाची भाषा करत असेल तर त्याला थांबवले पाहिजे. पण रंगाचा रेणू मुद्दाम न मोडण्यासाठी घडवलेला असतो. उन्हात विटू नये, घामाने उतरू नये, धुण्याने जाऊ नये अशी त्याच्याकडून गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. जे ऊन, घाम आणि साबणाला दाद देत नाही ते जिवाणूच्या विकरांना सहजी दाद कशी देईल? आजच्या रंगांत सर्वांत मोठा वर्ग ॲझो रंगांचा आहे: दोन बेंझिनसारख्या कड्यांच्या मध्ये दुहेरी बंधाने जोडलेले दोन नायट्रोजन अणू, आणि रंग येतो तो मुख्यतः या पुलामुळे. हवा खेळवलेल्या टाकीत जिवाणू या पुलाला सहसा हात लावत नाहीत. हवा बंद केली तर ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू तो पूल तोडतात आणि पाणी फिके पडते. पण तुटलेल्या पुलाच्या दोन्ही बाजूंना उरतात ती ॲरोमॅटिक अमाइन्स. ती बहुतेक रंगहीन असतात, आणि त्यांतली काही, बेंझिडीनसारखी, माणसात मूत्राशयाचा कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध झालेली आहेत. डोळ्यांच्या कसोटीवर हे पाणी सुधारले, प्रत्यक्षात ते बिघडले.

मग ब्लीचिंग पावडर टाका, असे कोणी म्हणेल. क्लोरीन रंग झटकन घालवतो हे खरे. परंतु क्लोरीन सेंद्रिय पदार्थांशी नुसता भांडत नाही, त्यांच्यात शिरून बसतो. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले, की नदीच्या पाण्यातल्या नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यावर क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे तयार होतात. पिण्याच्या पाण्यातल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याची ही गत, तर रंगाच्या दाट सांडपाण्यात काय होईल याचा अंदाज करता येतो. सक्रिय कोळसा रंग शोषून घेतो, पण शोषलेला रंग कोळशात तसाच असतो. तो कोळसा तापवून पुन्हा ताजा करावा लागतो किंवा टाकून द्यावा लागतो. तिरुप्पूरमध्ये जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने रंगाई कारखाने बंद झाले, कारण नोय्यल नदीत थेंबही सोडायचा नाही ही अट पाळली गेली नव्हती. त्यानंतर तिथे पडद्यांतून पाणी गाळून परत वापरायचे आणि उरलेला खारट रस आटवायचा, अशी पद्धत पक्की झाली. पाण्याच्या पुनर्वापराच्या दृष्टीने ती मोठी झेप आहे आणि मी तिचे मोल कमी करत नाही. पण आटवून उरणाऱ्या मिश्र क्षारात रंगाचे रेणू शिल्लकच असतात, आणि असा मळका क्षार पुन्हा वापरता येत नाही म्हणून साठवत बसावे लागते. रेणू आधी मोडला असता, तर तोच क्षार परत जिगरच्या टाकीत घालण्याच्या लायकीचा झाला असता.

रेणू मोडण्याची जी युक्ती आज सर्वांत जास्त हाताळली गेली आहे, तिचे साहित्य आपल्याला अनोळखी नाही. एक म्हणजे हिराकस, लोहाचे हिरवट सल्फेट. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळा रंग आणि शाई करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. दुसरे म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. कापड रंगवण्याआधी पांढरे करायला तेच लागते, म्हणून प्रोसेस हाऊसमध्ये त्याची पिंपे असतातच. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या हेन्री फेंटन यांनी १८७६ मध्ये टार्टारिक आम्ल, म्हणजे चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल, लोहक्षार आणि पेरॉक्साइड यांच्याबरोबर मिसळले. वर अल्कली घातल्यावर सुंदर जांभळा रंग आला. त्यांना त्यात टार्टारिक आम्ल ओळखण्याची एक खूण दिसली. १८९४ मध्ये त्यांनी या क्रियेचा सविस्तर अभ्यास छापला आणि लोहाचे प्रमाण अगदी थोडे असले तरी काम चालते हेही नोंदवले, म्हणजे लोह इथे उत्प्रेरक होते. आत नेमके कोण काम करते ते मात्र बराच काळ कोणी मांडले नव्हते. फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी १९३४ मध्ये छापून आलेल्या निबंधात सुचवले, की लोह पेरॉक्साइडला मधोमध तोडते आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक बाहेर पडतो. अमोनियाच्या कारखान्यात लोहाच्याच उत्प्रेरकावर जगाच्या खताची सोय करणाऱ्या हाबर यांच्या अखेरच्या कामांपैकी हे एक होते. ते त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले.

हायड्रॉक्सिल मूलक म्हणजे ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू, आणि त्यात जोडीदाराविना उरलेला एक इलेक्ट्रॉन. तो जोडीदार मिळवण्यासाठी हा मूलक समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो किंवा त्याच्या कड्याला जाऊन चिकटतो. त्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता २.८ व्होल्ट मोजली जाते, ओझोनची २.०७, क्लोरीनची १.३६. पाण्यात फ्लोरीनखालोखाल तोच. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाइतकेही आयुष्य त्याला सहसा लाभत नाही, म्हणून तो बाटलीत भरून आणता येत नाही, जागच्या जागीच तयार करावा लागतो. उत्प्रेरकाची गरज इथे आहे. नुसते पेरॉक्साइड पाण्यात ओतले तर ते बराच काळ स्वस्थ पडून राहते. जखमेवर घातल्यावर ते फेसाळते, कारण रक्तातल्या कॅटलेज नावाच्या विकरात लोह असते. गंमत ही, की कॅटलेजमधले लोह पेरॉक्साइडचे थेट पाणी आणि ऑक्सिजन करते आणि मूलक मोकळा सुटू देत नाही, तर हिराकशीतले मोकळे लोह तोच मूलक सोडते. मूलक सोडताना लोह आपला एक इलेक्ट्रॉन देऊन बसते आणि पुन्हा कामाला लागण्यासाठी त्याला तो परत मिळवावा लागतो. हे परत येणे पहिल्या पायरीपेक्षा हजारो पटींनी मंद असते, आणि फेंटन क्रियेची खरी अडचण तिथे आहे. त्यावर प्रकाश टाकला, विशेषतः सूर्यप्रकाशातला अतिनील आणि निळसर भाग, तर लोह झपाट्याने मूळ रूपात येते, आणि येताना आणखी एक मूलक सोडते. स्पेनमधल्या आल्मेरियाच्या सौर संशोधन केंद्रात कीटकनाशकांनी दूषित पाण्यावर उन्हाच्या मदतीने याच तत्त्वाचे मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले आहेत.

आता खर्चाचा आक्षेप. तो टाळून पुढे गेलो तर हे सारे हवेतले इमले ठरतील, म्हणून हिशेबच मांडू. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप म्हणून कारखान्यातली माणसे सीओडी बोलतात, म्हणजे ती घाण पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते. पेरॉक्साइडच्या ३४ ग्रॅममधून कामाचा ऑक्सिजन मिळतो १६ ग्रॅम. म्हणजे १ किलो सीओडी संपवायला, थेंबही वाया गेला नाही असे धरले तरी, सव्वादोन किलोच्या थोडे आत पेरॉक्साइड लागेल. एखादा कारखाना दिवसाला १ लाख लिटर पाणी सोडतो आणि त्याची सीओडी लिटरला १००० मिलिग्रॅम आहे असे समजा. एकूण सीओडी झाली १०० किलो, आणि लागणारे पेरॉक्साइड २१२ किलो. बाजारात ते पन्नास टक्क्यांचे मिळते, म्हणजे रोज सव्वाचारशे किलो. प्रत्यक्षात वाया जाते ते वेगळेच. सगळे पाणी एकत्र करून त्यावर फेंटन क्रिया करायची ठरवली तर हा खर्च कोणाला पेलणार नाही, आणि पेलू नयेही. कारण त्या १०० किलोंपैकी बराच भाग ताण्यावरच्या खळीचा, म्हणजे स्टार्चचा असतो. खळ जिवाणूंचे आवडते खाद्य आहे. ती पेरॉक्साइडने जाळणे म्हणजे पैसे जाळणे.

खर्चाचे उत्तर म्हणून पाण्याच्या वाटा वेगळ्या कराव्या लागतात. खळ काढलेले पाणी एका वाटेने थेट जिवाणूंकडे जावे. रंगाच्या टाकीतले पहिले, दाट पाणी वेगळ्या टाकीत जमा व्हावे. त्याचे आकारमान एकूण पाण्याच्या मानाने लहान, आणि न मोडणारे रेणू बहुतेक त्यातच. फेंटन क्रिया करायची ती या टाकीत, आणि तीही पूर्ण जाळण्यासाठी नव्हे. मूलकाने रंगाचे कडे एकदा फोडले की उरतात ती लहान सेंद्रिय आम्ले, ऑक्झॅलिक, ॲसिटिक वगैरे. या आम्लांशी मूलकाची क्रिया बरीच मंद असते, म्हणून शेवटचा टप्पा पेरॉक्साइडने गाठणे सर्वांत महाग पडते. आणि नेमकी हीच आम्ले जिवाणू चटकन खातात. जिथे एकाची ताकद संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. तेव्हा उत्प्रेरक विरुद्ध जिवाणू हा वाद मुळातच चुकीचा आहे. कडे फोडायचे काम लोहाचे, चघळायचे काम जिवाणूंचे.

रसायनाच्या बाजूने येणारे अडथळेही लपवून चालणार नाही. रंगाईचे पाणी सोड्यामुळे चांगलेच अल्कधर्मी असते, तर फेंटन क्रियेला तीनच्या आसपासचा सामू लागतो, कारण त्याहून वर लोह गंजासारखे खाली बसू लागते. म्हणजे आधी आम्ल घालायचे आणि नंतर चुन्याने ते मारायचे. आम्लामुळे एक फायदा होतो: सोड्यातला कार्बोनेट, जो एरवी मूलक गिळून टाकतो, तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. पण मिठातला क्लोराइड कुठेच जात नाही. आम्लधर्मी पाण्यात तो मूलकाशी क्रिया करून क्लोरीनचे मूलक बनवतो, आणि मग आपण ज्या क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थांना टाळू पाहतो तेच तयार होऊ लागतात. साध्या मिठाऐवजी वापरता येणारे ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, या बाबतीत पुष्कळ बरे, कारण सल्फेट मूलकाच्या वाटेत फारसे येत नाही. सांडपाण्याच्या टाकीत उत्प्रेरक नीट चालेल की नाही, हे अशा रीतीने कितीतरी आधी, जिगरच्या टाकीत कोणते मीठ पडले यावर ठरते. शुद्धीकरणाला कारखान्याच्या मागच्या भिंतीजवळचे काम समजणाऱ्यांनी याचा विचार केला पाहिजे.

चुना घातल्यावर खाली बसणारा तांबूस गाळ हा आणखी एक खरा दोष. तो घातक कचरा म्हणून तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्यासारख्या खास खड्ड्यांकडे पाठवावा लागतो, आणि त्यात एक फसवणूकही दडलेली असते: बसता बसता हा गाळ न मोडलेला काही रंगही सोबत खाली नेतो. वरच्या पाण्याची सीओडी उतरते, पण ती रेणू मोडल्याने उतरली की नुसते स्थलांतर झाले, हे पाण्याबरोबर गाळही तपासल्याशिवाय कळत नाही. लोह चिकणमातीवर किंवा झिओलाइटवर पक्के बसवून गाळ टाळण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात टेरी कॉलिन्स यांनी लोहाभोवती एक टिकाऊ सेंद्रिय कडे गुंफून पेरॉक्सिडेज विकराची नक्कल करणारे उत्प्रेरक बनवले, ते अल्कधर्मी पाण्यातही चालतात आणि फारच थोडे लागतात. रंगाईच्या पाण्यासाठी मला ही दिशा सर्वांत आशेची वाटते.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाबतीत मात्र माझे मत तितके उदार नाही. जपानमधल्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले, की या पांढऱ्या द्रव्यावर प्रकाश पडला की पाण्याचे विघटन होते. पुढे त्याच तत्त्वाने पाण्यातले सायनाइड आणि सेंद्रिय द्रव्ये मोडता येतात हेही सिद्ध झाले. विज्ञान अस्सल आहे. पण या द्रव्याला अतिनील प्रकाशच लागतो आणि सूर्यप्रकाशात त्याचा वाटा चार-पाच टक्क्यांचा. त्यात रंगाचे पाणी स्वतःच प्रकाश गिळते, त्यामुळे काही सेंटिमीटर खाली अंधार असतो. प्रयोगशाळांमधून आलेले हजारो निबंध बीकरभर फिक्या मिथिलीन ब्लूवर बेतलेले आहेत. मिथिलीन ब्लू स्वतः प्रकाश शोषून स्वतःच विटतो, आणि काही परिस्थितींत नुसते दोन इलेक्ट्रॉन घेऊन रंगहीन होतो व हवा लागताच पुन्हा निळा होतो. अशा रंगाचे फिके पडणे हा रेणू मोडल्याचा पुरावा होऊ शकत नाही. स्वच्छ पाण्यात उरलेल्या सूक्ष्म अंशांसाठी टायटॅनियमचा उपयोग होईल, दाट रंगासाठी तो भरवशाचा नाही.

उत्प्रेरकाचा हक्क जिथे सर्वांत भक्कम आहे अशी जागा रंगाईच्या बाहेर आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले, असे २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढे प्रमाण नसते. जिवाणू मारण्यासाठीच बनवलेला रेणू जिवाणूंच्याच टाकीत सोडायचा, म्हणजे त्या औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंची पैदास करायची. असा रेणू जिवाणूंपर्यंत पोचण्याआधी, कारखान्याच्या आवारातच मोडला पाहिजे. इथे महाग आहे ही सबब चालणार नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या सांडपाणी निर्देशात सूक्ष्म प्रदूषक काढण्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांवर टाकला आहे. खर्चाच्या प्रश्नाचे न्याय्य उत्तर तेच आहे.

मोडताना मधल्या पायरीवर मूळ रेणूपेक्षा विषारी काही तयार झाले तर, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तसे होऊ शकते आणि होतेही. त्याला मोजमापाखेरीज दुसरे उत्तर नाही. रंग मोजून भागणार नाही, एकटी सीओडीही पुरेशी नाही. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन खरोखर किती घटला ते पाहावे लागेल, आणि ते पाणी जिवंत प्राण्याला सोसते का तेही. या दुसऱ्या कसोटीसाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांत ती आहे: प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, त्यात साधे पाणी न मिसळता, मासे ठेवायचे आणि ९६ तासांनंतर त्यांतले ९० टक्के जिवंत असले पाहिजेत. तुमच्या गावच्या नदीत सोडले जाणारे पाणी आता स्वच्छ झाले आहे असे कोणी सांगितले, तर त्याच्याकडे या कसोटीचा अहवाल मागा.